रक्तातली पत्रिका

"सातव्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही." आमच्या रत्नागिरीकडे हे वाक्य ज्या खात्रीने सांगितले जाते, त्या खात्रीने दोन आणि दोन चार हेही कोणी सांगत नसेल. सांगणाऱ्यांत केवळ निरक्षर म्हाताऱ्या असतात असे नाही. माझ्याबरोबर शाळेत गणित शिकवणारे, विज्ञान शिकवणारे गृहस्थही हे वाक्य मान डोलावून म्हणतात. जे मूल आईच्या पोटात चार आठवडे अधिक राहिले, अधिक वाढले, ज्याची फुप्फुसे अधिक तयार झाली, ते मरावे आणि कमी वाढलेले जगावे, हा कोणत्या हिशेबातला न्याय? पण हा प्रश्न वर्गात मुलांना विचारणारे आम्ही शिक्षक घरात मात्र विचारीत नाही.

दिवाळीच्या अंकात, फराळाच्या ताटाशेजारी, हा विषय कशाला, असे काही वाचक कपाळाला आठ्या घालून विचारतील. माझे उत्तर सरळ आहे. हा अंक आपल्याकडे घराघरांत फिरतो. आधी सासरे वाचतात, मग सासूबाई वाचतात, दुपारी निजानीज झाल्यावर सून वाचते आणि भाऊबिजेला माहेरी आलेली बहीण वाचते. तिलाही कदाचित दिवस गेलेले असतील. ज्या घरात बाळंतपणाचे निर्णय होतात त्याच घरात हा वाद घातला पाहिजे. दवाखान्याच्या भिंतीवरचे फलक वाचायला तिथे पोहोचावे लागते, आणि पुष्कळदा तिथे पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

आधी विषयाचे माप सांगतो. गरोदरपणाचे सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या मुलाला वैद्यकशास्त्र अपुऱ्या दिवसांचे मूल म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे 2020 साली जगात अशी सुमारे 1 कोटी 34 लाख मुले जन्मली. त्यांतली सुमारे 30 लाख एकट्या भारतात जन्मली. म्हणजे जगातल्या दर पाच अपुऱ्या दिवसांच्या मुलांमागे एकाहून अधिक आपले. इतका मोठा आकडा दुसऱ्या कोणत्याही देशाचा नाही. पाच वर्षांच्या आत जी मुले दगावतात त्यांच्या मृत्यूच्या कारणांत हे कारण जगात पहिल्या क्रमांकाचे आहे. साप, विंचू, पटकी, गोवर यांची भीती आपण पिढ्यान्‌पिढ्या बाळगली. या कारणाला मात्र "देवाची मर्जी" म्हणून मोकळे झालो.

ही देवाची मर्जी आता दोन वेषांत वावरते. जुना वेष वर सांगितलाच. आठव्या महिन्याची ही भीती फार जुनी आहे. चरकसंहितेत आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते असे सांगितले आहे, आणि ग्रीकांच्या हिपॉक्रॅटिसच्या परंपरेतही आठव्या महिन्याच्या गर्भावर एक स्वतंत्र ग्रंथ आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी, हाती काटा नाही, घड्याळ नाही, सूक्ष्मदर्शक नाही, अशा अवस्थेत केलेला तो तर्क होता. त्यांना मी दोष देणार नाही. दोष आहे तो आमचा. आणि खरे सांगायचे तर "सातव्यात जन्मून जगलेली" पुष्कळ मुले सातव्यात जन्मलेलीच नसतात. कुणी दिवस मोजायला चुकलेला असतो, तर कुठे लग्नाच्या तारखेचा मान राखण्यासाठी महिने कमी सांगितलेले असतात. अशा गुटगुटीत सातमाशांनी या समजुतीला पिढ्यान्‌पिढ्या साक्षीदार पुरवले आहेत! परिणाम मात्र हसण्याजोगा नाही. आठव्यात कळा आल्या की घरात हात गाळले जातात. मोटार बोलवायची ती "बघू या" म्हणत तासभर थांबते. ज्या मुलाला वाचण्याची चांगली संधी असते त्याच्यासाठी धावायचे सोडून माणसे आधीच दुःखाच्या तयारीला लागतात.

दुसरा वेष नवा आहे, पांढऱ्या कोटातला आहे, आणि मला त्याचीच अधिक धास्ती वाटते. त्याचे नाव "रक्तातली खूण".

शास्त्रज्ञ जगभर अशा खुणा शोधीत आहेत की ज्यांवरून एखाद्या गरोदर स्त्रीचे मूल अपुऱ्या दिवसांत जन्मेल की काय हे आधी कळावे. हा शोध खोटा नाही, क्षुल्लकही नाही. गर्भाचे आवरण आणि गर्भाशय यांच्यामध्ये खळीसारखे काम करणारे फायब्रोनेक्टिन नावाचे एक प्रथिन आहे. ते बाविसाव्या आठवड्यानंतर नको तेव्हा योनिस्रावात दिसू लागले तर ती खळ सुटत असल्याची शंका येते. सोनोग्राफीने गर्भाशयाच्या तोंडाची लांबी मोजतात. ती मध्यंतरीच पंचवीस मिलिमीटरच्या आत आली तर धोका वाढला असे समजतात. अंगात कुठे दाह चालू असला तर रक्तातली काही द्रव्ये वाढतात, तीही मोजतात. अमेरिकेत 2018 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या स्टीफन क्वेक यांच्या गटाने आईच्या रक्तात फिरणाऱ्या आरएनएच्या तुकड्यांवरून हा अंदाज बांधता येईल असे दाखवले. मात्र तपासलेल्या स्त्रिया थोड्या होत्या, आणि हे त्यांनी स्वतःच सांगितले. आपल्या देशातही 2015 पासून गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयात "गर्भिणी" या नावाने हजारो स्त्रियांचा अभ्यास चालू झाला. आणि आमच्या जिल्ह्यातच, चिपळूण तालुक्यात सावर्ड्याजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने कोकणातल्या किशोरवयीन मुलींना आधीपासूनच अभ्यासाला घेतले आहे. आई होण्याच्या कितीतरी आधी आईची तब्येत घडत असते हे त्यांनी ओळखले आहे. ही सारी माणसे माझ्या आदराची आहेत. माझे भांडण त्यांच्याशी नाही.

माझे भांडण आहे ते त्यांच्या अपुऱ्या कामाचा पुरा बाजार मांडणाऱ्यांशी, आणि त्या बाजारात डोळे मिटून जाणाऱ्या आपल्या सुशिक्षित घरांशी. माझ्या ओळखीच्या एका घरातल्या सुनेची मोठ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत कसल्या कसल्या तपासण्यांची जुडी करण्यात आली. कागद आठ पाने. त्यांत एका आकड्यापुढे तांबडी खूण होती आणि "धोका अधिक" असे छापलेले होते. पुढे काय करायचे हे आठ पानांत कुठेही लिहिलेले नव्हते. ती मुलगी तीन महिने झोपली नाही. मूल चाळिसाव्या आठवड्यात, तीन किलोचे, ठणठणीत झाले. सर्वांनी पेढे खाल्ले, आणि त्या तीन महिन्यांचा जाब कुणी कुणाला विचारला नाही.

हे असे का होते ते फळ्यावर मांडून दाखवतो. मास्तराची खोड आहे, वाचकांनी सहन करावी. समजा शंभर गरोदर स्त्रिया आहेत. आपल्या देशात शंभरांतल्या सुमारे तेरांचे मूल अपुऱ्या दिवसांत जन्मते. आता समजा एक तपासणी अशी उत्तम आहे की ती खऱ्या धोक्यातल्या दहापैकी आठ जणींना बरोबर ओळखते आणि धोका नसलेल्या दहापैकी फक्त दोघींना चुकून पकडते. तेरांपैकी दहा जणी सापडल्या. उरलेल्या सत्याऐंशींपैकी सतरा जणी चुकून सापडल्या. म्हणजे तांबडी खूण मिळाली सत्तावीस जणींना, त्यांतल्या सतरांना उगाच. आणि ज्यांना खरोखर मिळायला हवी होती अशा तिघी "सर्व ठीक" म्हणून घरी गेल्या. इतकी उत्तम तपासणी मी केवळ उदाहरणापुरती कल्पिली आहे. प्रत्यक्षातल्या खुणा बहुधा हिच्याहून कच्च्याच निघतात. फायब्रोनेक्टिनचेच पाहा: ते दिसले नाही तर पुढल्या आठवड्यात प्रसूती बहुधा होत नाही, एवढा दिलासा ते चांगला देते. पण ते दिसले म्हणून प्रसूती जवळ आलीच असे नाही. रुग्णालयातल्या डॉक्टरला, कळा येऊ लागलेल्या बाईला पुढे पाठवावे की न पाठवावे हे ठरवताना, त्याचा उपयोग आहे. घरी बसलेल्या निरोगी बाईला भविष्य सांगण्यासाठी तो नव्हे.

आणि भविष्य हाच शब्द इथे नेमका बसतो. ज्या खुणेपुढे उपाय नाही ती खूण म्हणजे पत्रिका. पूर्वी मुलीच्या पत्रिकेत मंगळ निघे. तिने काही केलेले नसे, तिच्या हाती काही नसे, पण ठपका तिच्यावर येई. आता तो मंगळ रक्तात निघतो. "हिच्या रक्तातच दोष आहे", "हिचे पोट टिकत नाही", ही वाक्ये म्हणायला आता जोशीबुवांची गरज उरली नाही. प्रयोगशाळेचा कागद पुरतो. जिच्यावर विज्ञानाने माया करायची तिच्यावरच विज्ञानाच्या नावाने डाग लागतो. याला मी प्रगती म्हणायला तयार नाही.

कोणी म्हणेल, आज उपाय नसेल, उद्या निघेल. भीती दाखवून का होईना, बाई सावध तर होईल. सावध होण्याचे मोल काय पडते ते अमेरिकेला विचारा. आधी एकदा अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण झालेल्या स्त्रियांसाठी "मकेना" नावाच्या संप्रेरकाच्या इंजेक्शनाला तिथल्या औषध प्रशासनाने 2011 साली मान्यता दिली. तेच द्रव्य तोवर औषधांच्या दुकानात दहावीस डॉलरांना बनवून मिळे. मान्यता मिळताच कंपनीने एका मात्रेची किंमत पंधराशे डॉलर जाहीर केली. ओरड झाल्यावर ती उतरवावी लागली. पुढे 2019 साली मोठ्या परीक्षेचा निकाल आला: उपयोग दिसत नाही. आणि 2023 च्या एप्रिलमध्ये मान्यता काढून घेण्यात आली. बारा वर्षे! बारा वर्षे भीती विकली गेली आणि तिच्यावर न चालणारा उतारा विकला गेला. हे कुण्या भोंदूने केले नाही, सर्व कायदेशीर होते.

उपाय आहे तेव्हा मात्र खूण सोन्याच्या मोलाची ठरते. ती खूण कोणती हे सांगणारी गोष्ट आपल्या अगदी शेजारची आहे, आणि मराठी वाचकांना ती माहीत असू नये याचे मला नवल वाटते.

अपुऱ्या दिवसांत प्रसूती होणार असे दिसले तर आईला एका स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. त्याने बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी या दोघांनी हे 1972 साली दाखवले. औषध स्वस्त आहे, जुने आहे. तेव्हा ते खेडोपाडी पोहोचवावे, या सद्धेतूने सहा देशांत सुमारे एक लाख स्त्रियांवर एक मोठी परीक्षा झाली. भारतातली तिची केंद्रे होती बेळगाव आणि नागपूर. निकाल 2015 साली आला आणि सारे चकित झाले. ज्या चिमुकल्यांसाठी हे केले त्यांना फायदा दिसला नाही; उलट जिथे इंजेक्शनांचा प्रसार झाला तिथे एकंदर नवजात मुलांचे मृत्यू हजारी सुमारे साडेतीनने अधिक निघाले. मग 2020 साली भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत त्याच जातीच्या औषधाची पुन्हा परीक्षा झाली. या वेळी सोनोग्राफीने आठवडे पक्के केलेले होते, आणि जन्मलेल्या मुलाची काळजी घेण्याची सोय हाताशी होती. या वेळी औषधाने मुले वाचवली. ज्यांच्या आयांना ते मिळाले नव्हते त्या मुलांत शंभरी साडेतेवीस दगावली, मिळाले होते त्यांत साडेएकोणीस. फायदा इतका स्पष्ट दिसला की परीक्षा मुदतीआधीच थांबवली.

औषध तेच. मग एकदा तोटा आणि एकदा फायदा का? पुष्कळशी कारणे असतील, पण ढोबळ आणि मोठे कारण हे की पहिल्या वेळी खेड्यापाड्यांत ज्या स्त्रियांना इंजेक्शन मिळाले त्यांतल्या बहुसंख्य स्त्रियांचे दिवस मुळी अपुरे नव्हतेच. कितवा आठवडा हेच नक्की माहीत नव्हते. म्हणजे सर्व खुणांच्या आधीची, सर्व खुणांची आई असलेली खूण रक्तात नाही. ती भिंतीवर आहे. ती म्हणजे शेवटच्या पाळीची तारीख.

आता आपल्या भिंतीकडे पाहा. कोकणातल्या कोणत्याही वाडीत जा, माजघराच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेले आढळेल. त्याच्यावर दुधाचे खाडे मांडलेले असतात. गॅसचे नळकांडे कधी लावले ते लिहिलेले असते. गाय कधी फळली तेही असते, कारण ती कधी विईल हे कळायला हवे! घरातल्या सुनेची तारीख मात्र कुठे नसते. ती लिहायची नाही, बोलायची नाही, कारण तो विषय विटाळाचा. आणि गंमत बघा: जुन्या काळी बाईला बाहेर बसवीत, म्हणजे ती तारीख साऱ्या वाडीला ठाऊक असे. शिवाशिव पाळण्यापुरती तारीख सर्वांना हवी होती. मोजण्यापुरती कुणालाच नको होती. आज बाहेर बसणे बहुतेक घरांतून गेले, ते गेले हे उत्तमच झाले. पण तोंड दाबून ठेवण्याची सवय राहिली. मग पाचव्या महिन्यात नोंदणीला गेलेली मुलगी नर्सबाईंना सांगते, "गणपतीच्या मागेपुढे कधीतरी." गणपती यंदा लवकर आले की उशिरा, यावर मग त्या बाळाच्या फुप्फुसांचा हिशेब!

आमच्या आज्यांचे "नऊ महिने नऊ दिवस" हे गणित काही वाईट नव्हते. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवतात. दोघांत अंतर फक्त दोन दिवसांचे. पण मोजायला कुठून सुरुवात करायची तो दिवसच हरवला तर आजीही हरते आणि डॉक्टरही हरतो. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी तो दिवस बऱ्याच अंशी परत मिळवून देते. उशिरा केलेली तितकी देत नाही. "गर्भिणी" अभ्यासातल्या शास्त्रज्ञांनाही सर्वांत आधी हेच काम हाती घ्यावे लागले: परदेशी मुलांच्या मापांवरून बेतलेली कोष्टके आपल्या गर्भांना नीट लागू पडत नाहीत म्हणून आठवडे मोजण्याची आपली सूत्रे बसवावी लागली. एवढे मोठे शास्त्रज्ञ जिथून सुरुवात करतात ती जागा आपण मात्र ओलांडून पुढे पळतो आणि जनुकांच्या गप्पा मारतो.

दुसरी एक खूण तर ओठांवरच दिसते. तिचे नाव मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांना लावायची. सासू लावते म्हणून सून लावते. भूक मरते म्हणून लावते. भाताच्या लावणीत दिवसभर वाकून कंबर मोडते तेव्हा तेवढाच विरंगुळा म्हणून लावते. मुंबईत 1217 गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा करून डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी 2004 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिले, की तोंडाने तंबाखू घेणाऱ्या स्त्रियांची मुले सरासरीने 105 ग्रॅम हलकी आणि सहा दिवस आधी जन्मली. ही सरासरी आहे. फार लवकरच्या, सातव्या-आठव्यातल्या प्रसूतींत तंबाखूचा वाटा आणखी ठळक दिसला. या खुणेसाठी सुई टोचावी लागत नाही, रक्त मुंबईला पाठवावे लागत नाही. बाईने हसून दाखवले तरी पुरे. पण कोणते घर डोहाळजेवणाच्या दिवशी सुनेला म्हणते, "पाळणा आणू, चांदीची वाटी आणू, पण आधी मशेरीचा डबा समुद्रात टाकू"? आणि सुनेला म्हणायचे तर सासूला आधी स्वतःचा डबा टाकावा लागेल. अडचण तिथेच आहे.

तिसरी गोष्ट ताटातली. पुण्यात भारती विद्यापीठाच्या संशोधन संस्थेत डॉ. साधना जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांत बाळंत झालेल्या स्त्रियांची वार तपासली. तिच्यात माशांच्या तेलात विपुल असणारी चरबी, डीएचए, कमी आढळली. पुढे 2018 साली जगभरच्या अनेक परीक्षांची एकत्र बेरीज झाली तेव्हा ही चरबी मिळालेल्या स्त्रियांत अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे काहीशी कमी दिसली, आणि चौतीस आठवड्यांच्या आतली तर बरीच कमी. ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या परीक्षेने 2019 साली त्यावर मुरड घातली: सरसकट साऱ्यांना गोळ्या देऊन फायदा नाही, ज्यांच्या रक्तात ती मुळात कमी आहे त्यांनाच फायदा संभवतो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण रक्तातल्या खुणेचा मी वैरी नाही हे इथे दिसेल. इथे खूण आहे, तिच्यापुढे उपाय आहे, आणि उपाय स्वस्त आहे. अशी खूण सांगा, मी तिची पालखी उचलीन. पण आमच्याकडे काय चालते? ज्या रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरावर पहाटे बांगडा आणि तारली टोपल्यांनी उतरते, तिथल्याच गरोदर मुलीला "मासे उष्ण, अंगाला येतील" म्हणून आमटीभातावर ठेवतात. वर "कमी खा, मूल मोठे झाले तर अडेल" ही आज्ञा आहेच. न खाणाऱ्यांच्या घरचा प्रश्न वेगळा. त्यांनी डॉक्टरांना विचारावे. पण खाणाऱ्यांच्या घरी तरी हा उपास कुणी लावून दिला?

आणि कष्ट. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत झालेल्या माता-पोषण अभ्यासात असे दिसले, की गरोदरपणी जड कामे करणाऱ्या स्त्रियांची मुले लहान निघतात. आमच्या जिल्ह्यात पुरुष मुंबईला आणि शेत बायकांच्या माथ्यावर, ही रीत दीडशे वर्षांची. आषाढात चिखलात वाकून लावणी करणारी सहा महिन्यांची गरोदर बाई पाहायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. देशातल्या गरोदर स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक रक्तक्षयी आहेत असे 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने सांगितले. तो आकडा वाचून आपण हळहळतो, आणि लोहाच्या गोळ्यांनी तोंड कडू होते म्हणून त्या परसात फेकल्या जातात तिकडे काणाडोळा करतो.

माझ्यावर आता असा आक्षेप येईल, की हे मास्तर मोठ्या संशोधनाची थट्टा करतात आणि चुलीजवळच्या गोष्टींना विज्ञान म्हणतात. मग चुलीजवळचे विज्ञान काय करते ते पाहा. बेळगाव-नागपूरसह सहा देशांतल्या केंद्रांवर पहिलटकरणींना गरोदरपणाच्या सुरुवातीपासून लहान मात्रेत ॲस्पिरिन देऊन पाहिले. सुमारे बारा हजार स्त्रिया होत्या. 2020 साली निकाल आला: अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे शंभरी 13.1 वरून 11.6 वर. कोणाच्या रक्तात खूण शोधली नव्हती. (हे वाचून कोणी आपल्या मनाने गोळी घेऊ नये, डॉक्टरांना विचारावे, पण विचारावे जरूर.) गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे. 1999 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या हिशेबात त्या गावांतले नवजात मुलांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. अपुऱ्या दिवसांची मुले आधी तीनांतले एक दगावे. पुढे दहांतले एक दगावू लागले. ना काचेची पेटी, ना वीज. याच कामाच्या धर्तीवर आज आशाताई घरोघर येते. तिला आपण ओटीवरच थांबवून "सगळे बरे आहे" म्हणून परत पाठवतो. आणि बोगोटा शहरात 1978 साली पेट्या पुरेनात म्हणून डॉ. रे सानाब्रिया यांनी इवल्या मुलांना आईच्या उघड्या छातीशी बांधले, तेव्हापासून जगाने मानले, की त्या मुलांना आईच्या अंगाइतकी चांगली पेटी नाही. ती पेटी आमच्या प्रत्येक घरात आहे. तिला आम्ही सोयरात बाजूला बसवतो.

आनंदीबाई जोशींचे चरित्र आपण शाळेत शिकवतो. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. त्या मुलाचे नशीब कुणी वाचले नाही म्हणून ते गेले, असे त्यांना वाटले नाही. त्यांनी हातावर हात ठेवले नाहीत. समुद्र ओलांडला आणि 1886 साली फिलाडेल्फियात डॉक्टर होताना प्रबंध लिहिला तो प्रसूतीशास्त्रावरच. दुःखाला प्रश्न करावा, दैव करू नये, हा धडा आपण मुलांकडून पाठ करून घेतो. तो घरी वाचायचा कधी?

म्हणून माझे मागणे थोडे आहे. येत्या पाडव्याला ज्या घरांत नवे दिनदर्शिकेचे कागद येतील त्यांनी दुधाच्या खाड्यांशेजारी सुनेच्या, लेकीच्या तारखेलाही जागा द्यावी. आणि ती खूण तिने स्वतः करावी, कुणी न विचारता, कुणी न हसता. पाळी चुकली की पहिल्या तीन महिन्यांतच नोंदणी करावी, आणि डॉक्टर सांगतील ती पहिली सोनोग्राफी टाळू नये. मशेरीचा डबा घरातून जावा, आधी सासूचा आणि मग सुनेचा. ताटात मासळी असेल त्या घरी ती गरोदर बाईच्या ताटात आधी पडावी. सहाव्या महिन्यापासून पुढे लावणीला दुसरे हात शोधावेत. मुंबईचे हात चार दिवस रजा काढून येऊ शकतात, गणपतीला येतातच की! आठव्यात कळा आल्या तर "आठव्यातले" हा शब्द कुणी उच्चारू नये. 108 ला फोन करावा. आणि कुणी रक्ताच्या तपासणीची जुडी पुढे केली, तर प्रत्येक तपासणीपुढे एकच प्रश्न विचारावा: "खूण निघाली तर तुम्ही काय कराल?" उत्तर असेल तर तपासणी अवश्य करावी. उत्तर नसेल तर ती पत्रिका आहे. आणि पत्रिका पाहायचीच असेल तर ती आमच्या गावच्या जोशीबुवांकडे पुष्कळ स्वस्तात मिळते.

संशोधकांनी रक्तातल्या खुणा शोधाव्यात; त्यांच्या दिव्याला तेल मिळावे. पण त्यांचा दिवा आपल्या उंबऱ्यापर्यंत येईल त्या दिवशी आत जाऊन त्यांना पहिला प्रश्न हाच विचारावा लागेल: "बाई, तारीख काय?" त्या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवणे कोणत्याही शास्त्रज्ञाच्या हाती नाही. ते आपल्या हाती आहे, आणि त्याला एक पेन्सिल पुरते.